ज्ञानदानाचा वारसा : उद्योगमहर्षी शेठ वालचंद हिराचंद

जैन परंपरेने दानाचे जे चार प्रकार सांगितले, त्यांत आहारदान, औषधदान आणि अभयदान यांच्या बरोबरीने ज्ञानदानाला स्थान दिले आहे. आहाराने एका दिवसाची भूक भागते, औषधाने एक व्याधी दूर होते. ज्ञान मात्र ज्याला दिले त्याच्याजवळ राहते आणि देणाऱ्याकडूनही कमी होत नाही. याच विचाराची दुसरी बाजू तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात आली आहे. जवळ असलेले ज्ञान लपविणे, मत्सरापोटी ते दुसऱ्यास न देणे, कोणाच्या ज्ञानप्राप्तीत अडथळा आणणे, ही सारी ज्ञानावरणीय कर्माच्या आस्रवाची कारणे होत, असे आचार्य उमास्वामींनी तेथे सांगितले. हे तत्त्व मंदिरात आणि स्वाध्यायात आपण ऐकत आलो आहोत. परंतु दुकानाच्या गादीवर, कारखान्यात आणि बाजारातील चढाओढीत त्याचे मोल काय, याचा शोध घ्यावयाचा असेल तर सोलापूरच्या एका जैन घराण्यात जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद दोशी यांच्या जीवनाकडे पाहावे लागते.

घराण्याचा संस्कार

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे, हूमड दिगंबर जैन. फलटणमार्गे ते सोलापुरास आले व सराफी आणि कापसाच्या व्यापारात स्थिरावले. वालचंद यांना तान्हेपणीच मातृवियोग झाला. वडील शेठ हिराचंद नेमचंद हे व्यापारी तर होतेच, पण त्याहून अधिक ते समाजसुधारक व विद्याप्रेमी होते. मराठी जैन समाजात जागृती घडविणारे ‘जैन बोधक’ हे नियतकालिक त्यांनीच सुरू केले.

हिराचंदशेठांच्या चरित्रातील एक प्रसंग मात्र विस्ताराने सांगण्यासारखा आहे. षट्खंडागमावरील धवला टीकेच्या ताडपत्री प्रती दक्षिण कर्नाटकातील मूडबिद्री येथे जतन करून ठेवलेल्या होत्या. यात्रेकरूंना त्यांचे दर्शन घडे, पण त्या वाचणारा विरळा आणि नक्कल करण्यास परवानगी नाही, अशी शतकानुशतकांची स्थिती होती. मुंबईचे शेठ माणिकचंद झवेरी मूडबिद्रीस जाऊन आले, त्यांनी ही हकिकत हिराचंदशेठांना कळविली आणि हिराचंदशेठ स्वतः तेथे गेले. प्रती जीर्ण होत चालल्या होत्या. कुलूपबंद ज्ञानाला वाळवी लागली तर ते कायमचे नाहीसे होईल, हे या दोघा श्रेष्ठींनी ओळखले. त्यांनी निधी जमविला, विद्वानांची योजना केली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नक्कल करण्याचे काम सुरू झाले. पुढे १९३९ पासून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली हा महाग्रंथ अमरावतीहून छापील रूपात प्रसिद्ध होऊ लागला व सोळा खंडांत पूर्ण झाला.

ज्या ग्रंथाची ही कथा, त्याचा जन्मही अशाच चिंतेतून झाला होता. आपल्यामागे श्रुतज्ञान लुप्त होईल हे जाणून आचार्य धरसेनांनी गिरनारच्या गुहेत पुष्पदंत व भूतबली या दोन मुनींना बोलावून घेतले आणि कंठस्थ ज्ञान त्यांच्या स्वाधीन केले. त्यांनी ते सूत्रबद्ध केले. श्रुतपंचमीचा उत्सव आपण त्याच घटनेच्या स्मरणार्थ करतो. वालचंद ज्या घरात वाढले, तेथे ज्ञानाला असे मोल होते.

बालाघाटातील पहिले पाऊल

वालचंद यांचे शिक्षण सोलापूर, मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय व पुण्याचे डेक्कन कॉलेज येथे झाले. पदवी मात्र पूर्ण झाली नाही. घरच्या व्यवसायात लक्ष घालावे लागले. सराफी आणि कापूस यांत त्यांचे मन रमेना. अशा वेळी त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक रेल्वेतील लिपिकाची नोकरी सोडून लहानसहान कंत्राटे घेऊ लागले होते. रूळ कसे टाकतात, मातीकामाचे मोजमाप कसे होते, रेल्वेचे साहेब निविदा कशी तपासतात, हे त्यांना ठाऊक होते. भांडवल मात्र नव्हते. वालचंद यांच्याकडे घराण्याची पत होती, हिशेबाची नजर होती; रेल्वेकामाची माहिती मुळीच नव्हती. दोघांनी भागीदारी केली.

त्यांचे पहिले काम होते बार्शी लाईट रेल्वेचे, येडशी ते तडवळे या सुमारे सात मैलांच्या अरुंद लोहमार्गाचे. धारूरकरांना हे वाचून विशेष वाटेल, कारण येडशी ज्या बालाघाटाच्या रांगेत वसले आहे, त्याच रांगेवर आपले किल्ले धारूरही उभे आहे, आणि दोन्ही गावे त्या काळी निजामी मुलखात होती. ज्या उद्योगपतीने पुढे जहाजे, विमाने आणि मोटारी यांचे कारखाने उभारले, त्याचा पहिला धडा आपल्याच डोंगराच्या कुशीत गिरविला गेला.

या भागीदारीचे मर्म व्यापाऱ्याने नीट समजून घेण्यासारखे आहे. सामान्यतः भागीदार आपापले गुपित राखून असतात. भांडवलवाला हिशेब दाखवीत नाही आणि कारागीर आपली हातोटी सांगत नाही. फाटक-वालचंद पेढीत मात्र एकाचे ज्ञान दुसऱ्याच्या उपयोगी पडले. वालचंद कामावर जाऊन कंत्राटदारी शिकले, आणि फाटकांच्या अनुभवाला मोठी कामे पेलणारी आर्थिक बाजू मिळाली. त्या काळी मोठी कंत्राटे बहुतांशी युरोपीय कंपन्यांच्या हाती होती. त्यांच्याशी टक्कर देण्यासाठी नुसता कमी दर पुरेसा नव्हता. काम वेळेत आणि चोख करणारी माणसे हवी होती, आणि अशी माणसे कामावरच घडवावी लागत.

पेढी मुंबईस आली. १९२० मध्ये टाटांच्या सहकार्याने टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली आणि १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना झाली. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे आणि मुंबईला पाणी आणणारी तानसा जलवाहिनी यांसारखी कामे वालचंद यांच्या माणसांनी केली. एका कामावर शिकलेला अभियंता, मिस्त्री, मुकादम पुढच्या कामावर जाई आणि मागचा अनुभव बरोबर नेई. स्वातंत्र्यानंतर कोयना धरण व पुढे २००९ मध्ये खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू बांधणारी कंपनी हीच. अशा कामांमागे जो अनुभव असतो तो विकत घेता येत नाही; तो एका पिढीने दुसरीस द्यावा लागतो.

समुद्रावरील झुंज

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस वालचंद यांच्या कानी आले की, ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांच्या मालकीचे, युद्धकाळात रुग्णवाहू म्हणून वापरलेले ‘लॉयल्टी’ नावाचे जहाज विक्रीस आहे. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लूभाई सामळदास यांच्या साथीने १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली आणि त्याच वर्षी ५ एप्रिल रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाले. स्वतः वालचंद त्या जहाजावर होते. पुढे हाच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

हिंदी मालकीचे जहाज निघाले, पण झुंज आता सुरू होणार होती. किनारपट्टीची वाहतूक लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या मुठीत होती. नवा प्रतिस्पर्धी उभा राहताच या बलाढ्य कंपनीने भाड्याचे दर इतके खाली आणले की सिंदियाला प्रत्येक खेपेत तोटा सोसावा लागावा. कंपनी विकत घेण्याचाही प्रयत्न झाला; तो नाकारला गेला. अखेर १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. त्याने सिंदियाच्या जहाजांच्या एकूण क्षमतेवर मर्यादा पडली. ही अट जाचक होती, पण कंपनी जिवंत राहिली.

दराच्या लढाईहून कठीण अशी दुसरी एक अडचण होती. कंपनी हिंदी, भांडवल हिंदी, खलाशीही हिंदी. परंतु जहाजाचे कप्तान, मार्गदर्शक अधिकारी आणि मुख्य अभियंते मात्र गोरे. कोकण, काठेवाड आणि मलबारच्या किनाऱ्यावरील खलाशी पिढ्यान्‌पिढ्या समुद्र कापीत होते, तरी आधुनिक नौकानयनाचे शास्त्र, नकाशावाचन आणि यंत्रविद्या त्यांच्यापर्यंत पोचू दिली जात नव्हती. परकी कंपन्या हिंदी तरुणांना शिकाऊ म्हणून घेण्यास नाखूश असत. कारण उघड होते. ज्याला नोकरी दिली तो नोकर राहतो, ज्याला विद्या दिली तो उद्या स्पर्धक होतो. ज्ञान लपवून बाजार राखण्याचे हे मोठे उदाहरण म्हणावे लागेल.

हिंदी नेत्यांनी आणि सिंदियाच्या चालकांनी हा प्रश्न लावून धरला. सरकारने नेमलेल्या समितीच्या शिफारशीनंतर १९२७ मध्ये मुंबई बंदरात ‘डफरीन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले. परंतु वर्गातील शिक्षण पुरेसे नव्हते. समुद्रावरचा अनुभव मिळाल्याखेरीज अधिकारपत्र मिळत नसे. अशा वेळी सिंदियाच्या जहाजांनी डफरीनच्या विद्यार्थ्यांना आसरा दिला. वरिष्ठांच्या हाताखाली पहाऱ्यावर उभे राहून, इंजिनाच्या खोलीत घाम गाळून हे तरुण शिकले आणि कालांतराने हिंदी कप्तानांच्या हाती हिंदी जहाजे आली. यांतील पुष्कळ जण पुढे इतर कंपन्यांत, बंदरांत व सरकारी खात्यांत गेले. शिकवून तयार केलेला मनुष्य दुसरीकडे जातो, हा तोटाच नव्हे काय, असे संकुचित दृष्टीला वाटेल. पण त्याच तरुणांमधून देशाचा नौकाव्यवसाय उभा राहिला. नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर १९२९ पासून १९५० पर्यंत वालचंद सिंदियाचे अध्यक्ष होते.

विमान, जहाज आणि मोटार

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी प्रशांत महासागरावरील विमानप्रवासात वालचंद यांची भेट विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी झाली. चीनसाठी विमाने जुळविणारा हा मनुष्य हिंदुस्थानातही ते काम करू शकेल, हे वालचंद यांनी हेरले. म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. अमेरिकन तंत्रज्ञ आले आणि ज्यांनी विमान केवळ आकाशात पाहिले होते अशा हिंदी कामगारांना त्यांच्या हाताखाली शिकण्याची संधी मिळाली. १९४१ मध्येच तेथे जुळणी केलेले पहिले विमान उडाले.

आणि येथेच वालचंद यांच्या आयुष्यातील मोठा आघात आला. युद्धाची निकड सांगून १९४२ मध्ये सरकारने त्यांचा हिस्सा घेतला व कारखाना त्यांच्या हातून गेला. हिशेबाच्या वहीत त्यांना मोबदला मिळाला असेल, पण स्वप्न गेले. तरी पुढे काय घडले ते पाहावे. कारखान्याच्या आरंभकाळीच रुजू झालेले मराठी शास्त्रज्ञ डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय आराखड्याचे ‘एचटी-२’ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचे विमान तयार झाले आणि १९५१ मध्ये ते उडाले. परक्याचे सुटे भाग जुळविण्यापासून स्वतःचे विमान रेखाटण्यापर्यंतचा प्रवास अवघ्या दहा-अकरा वर्षांत झाला. मालकी बदलली, पण कामगारांच्या हातात उतरलेली विद्या तेथेच राहिली. हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडचा पाया तोच.

जहाजबांधणीची कथाही अशीच आहे. विशाखापट्टणम येथील गोदीची कोनशिला २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. पुढच्याच वर्षी जपानी बाँब पडले, काम खोळंबले, सरकारी मदत मिळेना. तरी १४ मार्च १९४८ रोजी ‘जल-उषा’ हे तेथे बांधलेले पहिले जहाज पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते समुद्रात सोडण्यात आले. १९५२ मध्ये या गोदीचाही मोठा हिस्सा सरकारकडे गेला. मोटारीसाठी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी सहकार्य करून १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. नुसती जुळणी करून न थांबता सुटे भाग येथेच तयार करण्याकडे कंपनी वळली. मुंबईच्या रस्त्यांवर दीर्घकाळ धावलेली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी हे त्याच कारखान्याचे अपत्य होय.

माळरानावरील शाळा

मालेगावजवळील रावळगाव येथे १९२३ मध्ये वालचंद यांनी सुमारे दीड हजार एकर पडीक जमीन घेऊन शास्त्रीय शेतीचा प्रयोग आरंभिला. १९३३ मध्ये तेथे साखर कारखाना निघाला. इंदापूर तालुक्यात नीरा कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि कळंबच्या माळावर वालचंदनगर वसले. बीड जिल्ह्यातून व धारूरच्या परिसरातून ऊसतोडीसाठी जी कुटुंबे दरवर्षी पश्चिमेकडे जातात, त्यांना हा साखरपट्टा परिचित आहे.

वालचंदनगरचे वैशिष्ट्य साखरेपुरते नाही. कारखान्याची यंत्रे दुरुस्त करता करता तेथील कारागीर यंत्रे बनवू लागले. दुरुस्तीशाळेतून साखर कारखान्यांची अवजड यंत्रसामग्री तयार होऊ लागली आणि पुढे याच कारखान्यातून भारतीय अवकाश कार्यक्रमासाठी अग्निबाणाची आवरणे गेली. उसाच्या चरकापासून अग्निबाणापर्यंतचे अंतर एका उडीत कापले गेले नाही. जुन्या मिस्त्रीने नव्या मुलाला, त्या मुलाने पुढच्या अभियंत्याला, अशी ती साखळी होती. जपानी अभ्यासक इकुजिरो नोनाका व हिरोताका ताकेउची यांनी १९९५ मध्ये आपल्या ग्रंथात मांडलेला विचार हाच आहे. कामगाराच्या हातात मुरलेले, न बोललेले ज्ञान शब्दांत, आराखड्यांत यावे. आणि लिहिलेले ज्ञान पुन्हा नव्या हातांत मुरावे. हे चक्र ज्या कंपनीत फिरते ती स्पर्धेत टिकते. षट्खंडागमाची कथा ज्याने लहानपणी ऐकली आहे, त्या श्रावकाला हे सूत्र नवे वाटणार नाही.

व्यापाऱ्यांचे एकत्र येणे

एका कंपनीतील ज्ञान जसे, तसेच एका समाजातील. मराठी व्यापारी विखुरलेले होते. कायदा, कर, आयात-निर्यात यांची माहिती त्यांच्यापर्यंत पोचत नसे. वालचंद यांनी १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना केली. एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले व्यापारी एका छपराखाली बसू लागले व समान प्रश्नांवर विचारविनिमय करू लागले. १९३२-३३ मध्ये अखिल भारतीय व्यापारी महासंघाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ पासून त्यांचे नाव आहे. तेथून बाहेर पडलेले अभियंते महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांत काम करीत आहेत.

अखेरचा काळ

वालचंद यांचे जीवन केवळ यशाचे नव्हते. एका उद्योगाचा पाया पक्का होण्याआधी ते दुसऱ्याकडे वळत, कर्जाचा भार वाढे, भागधारक अस्वस्थ होत. विमान कारखाना गेला, गोदी सुटत चालली. आजारपणामुळे १९५० मध्ये ते कारभारातून निवृत्त झाले. बंधू गुलाबचंद, रतनचंद व लालचंद यांनी उद्योग पुढे चालविले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. लॉयल्टीच्या प्रस्थानाचा चौतिसावा वर्धापनदिन होऊन अवघे तीन दिवस लोटले होते.

त्यांच्या पश्चात काय राहिले? सिंदियाचे वैभव पुढे ओसरले. प्रीमियरच्या पद्मिनीचे उत्पादन थांबले. रावळगावच्या गोळ्या-चॉकलेटांची नाममुद्रा २०२४ मध्ये दुसऱ्या उद्योगसमूहाकडे गेली. मालमत्ता हात बदलते, हा व्यवहाराचाच नव्हे तर अनित्य भावनेचाही धडा आहे. परंतु हिंदी कप्तान, विमानाचा हिंदी अभियंता, बोगदा खणणारा हिंदी कंत्राटदार हे पुन्हा परावलंबी झाले नाहीत.

आपल्यापुरता बोध

धारूरसारख्या गावातील बाजारपेठेलाही हा विचार लागू पडतो. आपल्या पेढ्यांवर गुप्ततेची परंपरा मोठी. ताग्याच्या चिठ्ठीवर खरेदीचा भाव सांकेतिक अक्षरांत लिहावा, माल कोठून येतो ते मुनिमाला कळू नये, उधारीची खरी वही मुलालाही दाखवू नये, अशी रीत चालत आली. भाव गुप्त ठेवणे ही व्यवहारनीती आहे. त्यात दोष नाही. पण पारख, हिशेबाची पद्धत, गिऱ्हाईकाशी वागण्याची रीत आणि कोणत्या चुकीने केव्हा किती नुकसान झाले याचा अनुभव, हे भावासारखे नव्हे. हा ठेवा वडिलांच्या बरोबर गेला तर मुलगा पहिल्यापासून त्याच चुका करतो, किंवा दुकानाला कुलूप लावून पुण्याची वाट धरतो. गावोगावच्या बाजारांत अशी कुलपे दिसू लागली आहेत. त्यांतील काही तरी मोठ्या शहरांतील दुकानांच्या स्पर्धेने नव्हे, तर घरातच अडकून पडलेल्या ज्ञानाने लागली असतील.

हिराचंदशेठांनी मूडबिद्रीच्या कुलपातील ग्रंथ समाजासाठी खुला व्हावा म्हणून झीज सोसली. त्यांच्या पुत्राने समुद्र, आकाश आणि यंत्र यांची परक्यांच्या कुलपातील विद्या देशबांधवांना मिळवून दिली. आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ज्येष्ठांनी जे जाणले ते तरुणांना मोकळ्या मनाने सांगावे आणि तरुणांनी ते नम्रतेने लिहून घ्यावे. ज्ञानदानाचा असा संकल्प घराघरांत झाला, तर शेठ वालचंद हिराचंद यांचे स्मरण सार्थ होईल.